पोलीस ठाण्यातला नामनिर्देशित अधिकारी : पद भक्कम, खुर्ची डळमळीत

रात्री अकरा वाजता ठाण्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईला एवढंच कळायला हवं असतं की आपल्या माणसाला कुठं ठेवलंय, कशासाठी धरलंय आणि उद्या कुठल्या कोर्टात नेणार आहेत. हे सांगणं ज्याचं काम आहे असं पद आता कायद्यात आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या कलम 37 नुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात एक नामनिर्देशित अधिकारी नेमायचा आहे. त्याचा हुद्दा सहायक पोलीस उपनिरीक्षकाच्या, म्हणजे ठाण्याच्या बोलीत सहायक फौजदाराच्या खाली नसावा. अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप यांची माहिती त्यानं ठेवायची आणि ती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची.

तिच्याआधीच्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या 41सी कलमात जिल्हा नियंत्रण कक्ष आणि त्याबाहेरचा फलक होता, पण ठाण्यापुरता जबाबदार असा एक माणूस नव्हता. तो आता आला. पोलीस दलात ‘मानवी हक्क अधिकारी’ कुठं शोधायचा, तर मुख्यालयातल्या कक्षाच्या पाटीखाली नव्हे, इथं. म्हणून परीक्षणासाठी हीच सेवा घेतली आहे.

आमचे गुण आधीच सांगतो. कायद्यातली रचना : पाचपैकी चार. माणसाची निवड : दोन. प्रशिक्षण : अडीच. प्रशिक्षित माणूस टिकवणं : एक.

रचनेला चार देण्याचं मुख्य कारण कलम 48. अटक झाली की नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचं हे जुनंच. आता जिल्ह्याच्या नामनिर्देशित अधिकाऱ्यालाही कळवावं लागतं आणि कुणाला कळवलं याची नोंद ठाण्यातल्या वहीत करावी लागते. म्हणजे एका अटकेचा माग दोन ठिकाणी राहतो. ठाण्यातली वही नंतर ‘सावरून’ घेता येईल, जिल्ह्यातली वेळ बदलणं अवघड. सर्वोच्च न्यायालयाच्या अठरा डिसेंबर 1996 च्या डी. के. बसू निकालातल्या अकरा सूचनांचं सारही हेच होतं : अटकेची खबर ठाण्याच्या भिंतीबाहेर लवकर पडली पाहिजे. त्या निकालात नियंत्रण कक्षाला कळवायला बारा तासांची मुदत होती.

एक गुण कापला, कारण हा अधिकारी तपासापासून वेगळा असला पाहिजे असं कलम 37 म्हणत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये 1984 च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्यानं कोठडी अधिकारी नेमला, त्याचा हुद्दा किमान सार्जंटचा ठेवला आणि त्याच गुन्ह्याच्या तपासात असलेल्या माणसाला हे काम करता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलं. माणसाला कोठडीत ठेवण्याची गरज आहे का, याचा पहिला आढावा सहा तासांच्या आत, पुढचे नऊ-नऊ तासांच्या आत. आपल्याकडे ज्यानं माणूस उचलून आणला त्याच्याच हातात नोंदवही राहू शकते. पहिली गडबड इथं होते.

निवड

नेहमीची पद्धत अशी : आदेश निघतो आणि ज्याच्याकडे बारनिशी, म्हणजे आवक-जावक टपालाची नोंद आहे, पासपोर्ट पडताळणी आहे, वर माहिती अधिकाराचे अर्जही आहेत, त्याच्याच नावावर हा ‘अतिरिक्त कार्यभार’ चढतो. त्यात बहुतेक सहायक फौजदार शिपाई म्हणून भरती होऊन बरीच वर्षं काढल्यावर त्या हुद्द्यावर आलेले असतात आणि निवृत्तीचं वय 58. हाताशी येतो तो दोन-तीन वर्षं उरलेला माणूस. अनुभव भरपूर असतो, पण तो मुरेपर्यंत पेन्शनचे कागद सुरू होतात. म्हणून निवडताना किमान पाच वर्षं सेवा शिल्लक हवी. सहायक फौजदारांत असा मिळाला नाही तर तरुण उपनिरीक्षक घ्यावा. कायद्यानं हुद्द्याची खालची मर्यादा घातली आहे, वरची नाही.

मुलाखतीत ‘मानवी हक्क म्हणजे काय’ विचारून काही हाती लागत नाही. अर्ध्या तासाची कागदपरीक्षा घ्या. एका काल्पनिक अटकेचे सात कागद समोर ठेवा : ठाणे दैनंदिनीची नोंद, अटक मेमो, कलम 35(3) ची (अटकेऐवजी हजर राहायला सांगणारी) नोटीस, अटकेची लेखी कारणं, नातेवाइकांना कळवल्याची नोंद, वैद्यकीय तपासणीचा कागद आणि रिमांड रिपोर्ट. त्यांत चुका पेरून ठेवा. मेमोवर अटकेची वेळ 23.40, पण सरकारी दवाखान्याच्या कागदावर 22.15. मेमोवर साक्षीदार म्हणून ना नातेवाईक ना वस्तीतला प्रतिष्ठित माणूस, तर ठाण्याच्या कामांत नेहमी येणारा पंच. अटकेची कारणं मराठीत आणि अटक झालेला माणूस फक्त बंगाली वाचणारा. वेळेतली तफावत ज्याला पाच मिनिटांत दिसते तो कामाचा. ती दिसूनही ‘होतं असं कधीकधी’ म्हणणाऱ्याला घेऊ नका.

कोठडीतल्या मारहाणीबद्दल ज्याची खातेनिहाय चौकशी चालू आहे तो बाद. त्याच ठाण्यात ज्याच्याकडे तपासाला गुन्हे आहेत तोही बाद. भाषेला वजन द्या. गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी, नंदुरबारात भिली किंवा पावरी समजणारा माणूस या कामात पदवीधरापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

प्रशिक्षण

अडीच गुण देताना हात थोडा आखडला, कारण वर्ग होतच नाहीत असं नाही. पण वर्गात 1948 चा जाहीरनामा, त्याची तीस कलमं, 1993 चा मानवी हक्क संरक्षण कायदा आणि आयोगाची रचना यांवरच भाषणं होतात, आणि माणूस प्रमाणपत्र घेऊन परततो. लॉकअपच्या दारात उभं राहिल्यावर काय बघायचं, हे कुणी सांगितलेलं नसतं.

पाच दिवस मिळाले तर पहिला दिवस फक्त वेळेला द्यावा. चोवीस तास कधी सुरू होतात? ठाण्याच्या दैनंदिनीत नाव चढल्यापासून नव्हे, माणसाचं स्वातंत्र्य गेलं तेव्हापासून. ‘चौकशीसाठी बसवून ठेवलं होतं, अटक रात्री दाखवली’ हे वाक्य कोर्टात अटकच बेकायदा ठरवू शकतं. मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2025 च्या निकालानंतर अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यावी लागतात. अटकेच्या क्षणी ते शक्यच नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी उभं करण्याआधी किमान दोन तास लेखी प्रत हातात पडली पाहिजे. ‘गुन्हा क्रमांक अमुकमध्ये सहभाग आढळला’ अशी छापील ओळ म्हणजे कारण नव्हे. सहभाग कोणता, कशावरून दिसला, हे त्या माणसापुरतं लिहायला शिकवावं लागतं, आणि त्यासाठी दिवसभरात दहा-बारा मसुदे लिहून घेणं हाच उपाय आहे.

दुसरा दिवस लॉकअपमध्ये. ही जागा बोलून शिकवता येत नाही. गजांना किंवा खिडकीला कापड अडकवता येईल अशी जागा, पट्टा, नाडी, पाण्याचा माठ, संडासाचं दार, रात्रीचा दिवा, सगळं हातानं तपासून घ्यायचं. आत घेताना चार प्रश्न ठरलेले : कुठली औषधं चालू आहेत, फिट येतात का, दारू रोज किती, आणि याआधी स्वतःला इजा करून घेतली आहे का. यातला दारूचा प्रश्न सगळ्यात दुर्लक्षित. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, थरथर, ताप येऊन जीव धोक्यात येतो. पहारेकरी त्याला ‘नाटक’ समजतो. नशेत आणलेला माणूस घोरतोय म्हणजे झोपलाय असं धरू नये. इंग्लंडच्या नियमात अशा माणसाला दर अर्ध्या तासानं हलवून, बोलतं करून बघायचं असतं, इतरांना दर तासाला. आपल्या लॉकअप गार्डला हे शिकवायला पैसा लागत नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आणि दवाखाना. कलम 53 प्रमाणे अटकेनंतर लगेच तपासणी आणि तिच्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला. डी. के. बसूप्रमाणे कोठडी लांबली तर दर 48 तासांनी पुन्हा. इथली नेहमीची चूक म्हणजे तपासणीच्या वेळी मारणाराच शेजारी उभा असणं. पोलीस दिसेल पण बोलणं ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर असावा, आणि कागदावर ‘ताज्या जखमा नाहीत’ एवढंच नको. जुन्या खुणा, त्यांची जागा आणि माप लिहायला डॉक्टरांना विनंती करावी. ही नोंद पोलिसाचंही रक्षण करते. आधीची जखम नंतर त्याच्या माथी बसत नाही.

स्त्रियांच्या अटकेचे नियम बहुतेकांना तोंडपाठ असतात : सूर्यास्त ते सूर्योदय अटक नाही, अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याचा लेखी अहवाल आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी. पण नियम कुठून आला हे सांगितलं तर तो लक्षात राहतो. मुंबईच्या कोठडीतल्या बायकांच्या तक्रारींवरून 1983 चा शीला बर्से निकाल आला, आणि स्त्रियांसाठी वेगळे लॉकअप, महिला पहारा, सत्र न्यायाधीशांच्या अचानक भेटी या गोष्टी त्यातून सुरू झाल्या. तसंच पारधी वस्तीचं. गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की वस्तीकडे गाडी वळण्याची सवय मोडलेली नाही. प्रत्येक अटकेमागे त्या व्यक्तीविरुद्धचा पुरावा काय, हा प्रश्न नामनिर्देशित अधिकाऱ्यानं विचारलाच पाहिजे, आणि तो कसा विचारायचा याचा सराव वर्गातच झाला पाहिजे.

कॅमेऱ्यांना अर्धा दिवस पुरे, पण तो चुकवू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीर सिंग सैनी निकालानं 2 डिसेंबर 2020 रोजी ठाण्याची प्रवेशद्वारं, लॉकअप, व्हरांडे आणि अधिकाऱ्यांच्या खोल्या, सगळीकडे आवाजासह चित्रण सांगितलं. साठवण 18 महिने, तशी यंत्रणा मिळत नसेल तरी किमान एक वर्ष. प्रत्यक्षात गाडं अडतं ते छोट्या गोष्टींत : हार्डडिस्क कमी क्षमतेची म्हणून जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, माइक जोडलेलाच नसतो, आणि यंत्राचं घड्याळ खऱ्या वेळेच्या मागेपुढे असतं. दर सोमवारी यंत्राची वेळ आणि खरी वेळ वहीत लिहायची. तक्रार आली की त्याच दिवशी प्रत वेगळी काढून हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा अंकी ठसा) भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडायचं. बंद कॅमेरा याच निकालातून आलेल्या जिल्हा देखरेख समितीला लगेच कळवायचा. ही जबाबदारी ठाणे प्रभारींची आहे, पण आठवण ठेवणारा माणूस हाच.

सहा महिन्यांनी याच लोकांना दोन दिवस परत बोलवा आणि येताना स्वतःच्या ठाण्याच्या वह्या आणायला सांगा. त्या वह्या पाहूनच पहिल्या पाच दिवसांचं चीज झालं की नाही ते कळतं.

टिकवणं

इथं एकच गुण दिला आणि तोही जड हातानं. शिकवलेला माणूस आठ महिन्यांत वाहतूक शाखेत किंवा दुसऱ्या ठाण्यात जातो. नवा येतो, त्याला वही कुठं आहे तेही माहीत नसतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात 2014 पासून कार्यकाळ ठरलेले आहेत : अंमलदारांना एका जागी पाच वर्षं, उपनिरीक्षक ते निरीक्षकांना ठाण्यात दोन वर्षं, जिल्ह्यात चार, परिक्षेत्रात आठ. मात्र स्थानिक गुन्हे शाखा आणि विशेष शाखेला तीन वर्षं, कारण तिथली माहिती मुरायला वेळ लागतो हे कायद्यानं मानलं. नामनिर्देशित अधिकाऱ्यालाही किमान तीन वर्षं द्यावीत, हे मागणं त्याच तर्कातलं आहे.

माणूस स्वतःहून हे काम सोडतो याची कारणं मात्र बदलीपेक्षा खोल आहेत. वेळेतली तफावत दाखवली की तो ‘घरभेदी’ ठरतो. चहाला बोलावणं बंद होतं, रजेचा अर्ज रेंगाळतो. त्याचा वार्षिक गोपनीय अहवाल ज्या प्रभारींच्या ठाण्यात त्यानं चुका काढल्या तेच लिहितात. ही एक गोष्ट बदलली तरी निम्मं काम होईल : अहवाल जिल्ह्याच्या नामनिर्देशित अधिकाऱ्यानं लिहावा. उत्तर आयर्लंडमध्ये 1999 च्या पॅटन अहवालानंतर पोलीस दलात मानवी हक्कांचा जाणकार वकील आणि दलाबाहेरच्या पोलिसिंग बोर्डाचा स्वतंत्र सल्लागार अशी दुहेरी रचना झाली. आतल्याला बाहेरचा आधार असला की त्याला एकटं पाडणं सोपं राहत नाही.

बंदोबस्ताचंही बघा. गणपती, निवडणूक, आषाढी आली की सगळ्यात आधी हाच माणूस बाहेर जातो, आणि ठाण्यात हात कमी असतात नेमका तेव्हाच लॉकअप भरलेला असतो. चोवीस तासांच्या तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्टी आणि रजा धरली तर एका ठाण्याला हे काम जाणणारी किमान चार माणसं लागतात. एक नामनिर्देशित आणि त्याच्याच हाताखाली तयार झालेले तीन ठाणे अंमलदार, एवढं जमलं तर सेवा खंडित होत नाही.

ही सेवा वापरायची वेळ आली तर ठाण्यात गेल्यावर आवाज न चढवता दोन गोष्टी मागा : कलम 37 प्रमाणे नेमलेल्या अधिकाऱ्याचं नाव आणि अटक झालेल्यांचा फलक. ‘इथं नाही आणला’ असं उत्तर मिळालं तर जिल्हा नियंत्रण कक्षाला 112 वरून किंवा थेट विचारा आणि किती वाजता विचारलं ते लिहून ठेवा. नातेवाइकांना कळवल्याच्या नोंदीत आपलं नाव आणि वेळ बरोबर आहे का ते पाहा, अटकेच्या कारणांची प्रत आणि वैद्यकीय कागदाची प्रत मागा. मारहाण झाली असेल तर रिमांडच्या वेळी न्यायदंडाधिकाऱ्यांना तोंडानं सांगायला लावा, वकील नसला तरी चालतं. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार घटनेपासून एक वर्षाच्या आत गेली पाहिजे, पण कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज त्याच आठवड्यात ठाण्यात द्या आणि पोच घ्या.