परसबाग सुरू करताय? जमीन, विटांचा वाफा की ग्रो बॅग, आधी हे बघा

घरामागे थोडी मोकळी जागा आहे, ताजी भाजी लावायची हौस आहे, आणि तरी दोनदा-तीनदा सुरुवात करून सगळं वाळून नाहीतर कुजून गेलं असे लोक आजूबाजूला खूप आहेत आणि जवळपास सगळे एकच बोलतात, "आमच्या हाताला गुणच नाही". मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण हाताचा यात काही संबंध नसतो हो, बहुतेक वेळा भाजी कशात लावली आणि कोणत्या महिन्यात लावली तिथेच गाडी अडलेली असते. म्हणून हे सविस्तर लिहितोय, ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी.

पर्याय मुळात तीनच आहेत. सरळ जमिनीत वाफे पाडायचे, किंवा विटा रचून फूटभर उंच वाफा करून आत माती भरायची, किंवा ग्रो बॅगा (माती भरून झाड लावायच्या पिशव्या) आणि कुंड्या. व्हिडिओत तिन्ही मस्तच दिसतात. पण तुमच्यासाठी कुठला हे तुमच्या पायाखाली काय आहे, मे महिन्यात नळाला पाणी किती येतं आणि सुट्टीत घरी कोण असतं यावर ठरतं.

काहीही विकत आणायच्या आधी कुदळ घ्या आणि एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा खणा. नवीन बंगला किंवा रो हाउस असेल तर मागच्या जागेत राडारोडा आणि मुरूम टाकून वर चार बोटं लाल माती पसरलेली असते, वरून दिसायला छान आणि दुसऱ्याच घावाला कुदळ खण्णकन वाजते. तसं झालं तर जमिनीचा पर्याय सध्या सोडून द्या. माती लागली तर खड्ड्यात बादलीभर पाणी ओता, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीन-चार तासांत उतरलं तर जमीन चांगली, सकाळपर्यंत तसंच उभं असेल तर पावसाळ्यात मुळं गुदमरणार हे नक्की.

आता जमिनीबद्दल. माती खरोखर चांगली असेल तर जमिनीसारखं दुसरं काही नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. मुळं हवी तेवढी खाली जातात, थंडीत काळ्या मातीला तीन-चार दिवसांनी पाणी दिलं तरी चालतं, चार दिवस गावाला जाऊन आलात तरी वांग्याला काही होत नाही. खर्च म्हणाल तर कुदळ, खुरपं, घमेलं आणि कुजलेलं शेणखत, संपलं. पण नवीन माणूस जमिनीत दोन ठिकाणी मार खातो. एक म्हणजे वाफसा, म्हणजे खणण्याजोगी बेताची ओल, न बघता खणणं. पाऊस झाला, उत्साह आला, लगेच कुदळ घेऊन गेले, आणि काळी माती ओली असताना खणली की तिची अशी ढेकळं होतात की वाळल्यावर फोडता फुटत नाहीत, मग त्यात मेथीचं एवढंसं बी कुठून वर येणार. मूठभर माती घेऊन दाबा, लाडवासारखा गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर मोकळा झाला तर वाफसा आहे, खणा. बोटाला चिकटून राहिला तर दोन-तीन दिवस थांबा.

दुसरं म्हणजे लव्हाळा आणि हराळी ही दोन चिवट तणं. लव्हाळा वरून उपटला की मोकळं झाल्यासारखं वाटतं पण खाली त्याच्या गाठी राहतात, एका गाठीतून परत चार कोंब, आणि पंधरा दिवसांत पालक कुठला आणि गवत कुठलं कळत नाही. हौस इथेच मरते, मी कितीतरी जणांची मरताना बघितलीय. हराळी असेल तर मे महिन्यात जमीन खोल खणून कडक उन्हात तशीच तापू द्यायची, मुळ्या हाताने वेचायच्या, दुसरा शॉर्टकट नाही. लव्हाळा भरपूर असेल तर पहिल्या वर्षी जमिनीच्या नादी लागूच नका.

कोकणात आणि गोव्यात गोष्ट वेगळी. तिथल्या जांभ्याच्या लाल मातीत पाणी पटकन जिरतं, पण माती आंबट असते आणि तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे मेथी-कोथिंबीर पावसात टिकतच नाही. म्हणून परड्यात पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडकी, काकडी असते आणि तांबडी भाजी, मुळा हे सगळं पाऊस गेल्यावर. जे तिथे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय तेच करा, पुण्याचं टाइमटेबल तिकडे लावू नका. देशावर उलटं, काळ्या मातीत चुनखडी जास्त, त्यात बांधकामाचं सिमेंट मिसळलेलं असेल तर नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसायला लागतात. लोक त्यावर युरिया टाकतात, तो उपाय नाही, मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही असा तो प्रकार असतो. शेणखत आणि पालापाचोळा वाढवत नेणं हाच त्यातला टिकाऊ उपाय. शंका असेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती परीक्षण होतं का विचारा.

विटांचा वाफा. मुरूम, राडारोडा, पेव्हर ब्लॉक, लव्हाळा यातलं काहीही खाली असेल तर माझं मत सरळ याच्या बाजूने आहे. मापं लक्षात ठेवा, सहा फूट लांब, तीन फूट रुंद, एक फूट उंच. तीन फूट एवढ्यासाठी की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, आत पाय ठेवायची वेळ आली की माती दबते आणि सगळी मेहनत वाया. सिमेंट लावायची गरज नाही, नऊ इंची विटा नुसत्या रचायच्या, तीन इंच जाडीची वीट असेल तर चार थर, साधारण शंभर विटा लागतात. नाही पटलं तर उद्या उचलून दुसरीकडे रचता येतात, भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना हे फार सोयीचं पडतं. घराच्या भिंतीला चिकटून मात्र वाफा करू नका, भिंतीत ओल जाते.

भरायला अठरा घनफूट म्हणजे पाचशे लिटर माल लागतो, पस्तीस-चाळीस घमेली. सगळी माती विकत घ्याल तर महाग पडेल आणि ती दगडासारखी बसेलही. तळाला वाळक्या काटक्या आणि नारळाची सोडणं, त्यावर पालापाचोळा किंवा उसाचं पाचट, मग शेणखत, आणि वरचे सहा इंच माती आणि कुजलेलं खत निम्मं निम्मं. पालापाचोळ्यातून घरच्या घरी माती तयार होते हे आता नवीन राहिलेलं नाही, कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवार या प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटातून हे महाराष्ट्रभर पोचवलं आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती किचनच्या गच्चीवर तर किचनच्या कचऱ्यावरच बाग उभी राहिली. फक्त न कुजलेला पाचोळा वरच्या थरात मिसळू नका, तो कुजताना नत्र ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात.

शेणखताबद्दल थोडं थांबून सांगतो कारण इथे फसवणूक होते. खत विकणारा कुजलंय म्हणणारच. तुम्ही पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं, शेणाचा वास आला किंवा गोवऱ्यांचे तुकडे लागले तर परत पाठवा. चांगलं खत गार असतं, काळपट, चहापत्तीसारखं भुरभुरीत, आणि पावसानंतरच्या मातीचा वास येतो. हाताला पांढरी, जाड, अर्धगोल वळलेली, तपकिरी डोक्याची अळी लागली तर ती हुमणी, ती रोपांची मुळं खाते, वरून रोप का सुकतंय ते कळतच नाही. एक एक वेचून काढा.

वाफ्यात कमी काय आहे तेही सांगतो. पहिल्या पावसाळ्यानंतर माती तीन-चार इंच खाली बसते, परत भरायला खत तयार ठेवावं लागतं. आणि तो चारही बाजूंनी वाळतो. मराठवाडा-विदर्भात जिथे उन्हाळ्यात पाण्याची मारामार असते तिथे उंच वाफा माझ्या मते चुकीचा, तिथे उलट जमिनीपेक्षा चार बोटं खाली, भोवती बांध घातलेला खोलगट वाफा करा आणि वर उसाच्या पाचटाचं आच्छादन घाला, पाणी टिकतं.

ग्रो बॅगा मी वाईट म्हणत नाही, पण सुरुवात म्हणून त्या सगळ्यात सोप्या असतात हा समज मला मान्य नाही. बारा बाय बारा इंचांच्या बॅगेत वीस-बावीस लिटर माल बसतो. एवढ्यात मिरचीचं, वांग्याचं किंवा टोमॅटोचं एकच झाड. म्हणजे वर सांगितलेल्या एका वाफ्याएवढ्या मालात चोवीस-पंचवीस बॅगा होतात आणि त्या सगळ्यांना वेगवेगळं पाणी द्यायचं, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ. एक वेळ चुकली की दुपारी पानं माना टाकतात. बॅगेत भरतात त्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या सोडणाचा भुसा) पोषण जवळपास काहीच नसतं, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी खत द्यावं लागतं, आणि पावसाळ्यात दिलेलं खत खालच्या भोकातून वाहून जातं. दुधी, कारलं, दोडक्याला तर दीड-दोन फुटी बॅगच पाहिजे. पण मागच्या अंगणात ऊन सरकत असेल, सकाळी एका कोपऱ्यात आणि दुपारी दुसऱ्या, किंवा घूस आणि उंदीर रोज जमीन उकरत असतील, तर बॅग हलवता येते, ओट्यावर ठेवता येते, हा फायदा बाकी दोघांत नाही. पुदिना, मिरची, गवती चहा एवढ्यासाठी तर चार-पाच बॅगा प्रत्येकाकडे असाव्यात.

पाण्याची तुलना करायची तर एप्रिल-मे मध्ये जमिनीला आच्छादन असेल तर दोन-तीन दिवसांनी, विटांच्या वाफ्याला रोज एकदा, बॅगेला दोनदा. पावसात बरोबर उलटं, काळी जमीन तुंबते, वाफा आणि बॅग निचरा करतात. किडीचं तिन्हीकडे सारखंच, मावा आणि पांढरी माशी येणारच, पाच मिली निंबोळी तेल आधी थोड्या साबणाच्या पाण्यात घोळून मग एक लिटरला मिसळायचं आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारायचं. आणि ऊन, हे तिन्हीच्या वरचं. फळभाजीला सहा तास थेट ऊन हवंच, पालेभाजी तीन-चार तासांवर निभावते. कंपाउंडची भिंत आणि शेजारचा आंबा मिळून दोनच तास ऊन देत असतील तर टोमॅटोसाठी कितीही चांगली माती आणा, झाड नुसतं उंच वाढत राहील.

तर निवड अशी करा. खड्ड्यात माती चांगली निघाली, पाणी जिरलं आणि लव्हाळा नाही, तर जमिनीत, पण पूर्ण जागा नाही, फक्त तीन बाय सहाचा एक वाफा. पहिल्याच वर्षी सगळं परस खणून काढणारे डिसेंबरपर्यंत थकतात. खाली मुरूम किंवा गवत असेल आणि घरी रोज कोणीतरी असेल तर विटांचा वाफा. फरशीच आहे, उंदीर फार आहेत किंवा ऊन हलतंय, तर बॅगा, पण दहाच्या वर नको. आणि दोघंही नोकरीला, महिन्यातून आठवडाभर घर बंद, असं असेल तर बॅगांच्या वाटेला ठिबक बसवल्याशिवाय जाऊच नका.

सुरुवात दसऱ्यानंतर करा. मे महिन्यात सुट्टी आहे म्हणून मेथी पेरतात आणि इथेच हिरमोड होतो. ऑक्टोबरची हीट जरा उतरली की अर्ध्या वाफ्यात मेथी, पाव भागात पालक, पाव भागात कोथिंबीर. मेथी डब्यातली चालते, चार-पाच दिवसांत उगवते आणि महिन्याभरात हातात येते. धणे मात्र आधी चपलेने किंवा लाटण्याने हलकेच रगडून दोन दले करून पेरा, आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही, तेव्हा उकरून बघू नका. दुकानातलं बियाणं गुलाबी किंवा निळं दिसत असेल तर त्याला औषध चोळलेलं असतं, पोरांच्या हातात देऊ नका.

टोमॅटो पहिल्या वाफ्यात नकोच, फार तर नर्सरीतून दोन रोपं आणा, पानं चुरडणारा व्हायरस झेलणारी अर्का रक्षक सारखी जात मिळाली तर उत्तम, फक्त ती हायब्रीड आहे त्यामुळे तिचं बी राखून उपयोग नाही. बी राखायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत मेथी निघाली की त्याच जागी परभणी क्रांती भेंडी लावा, सरळ वाण आहे, म्हणजे हायब्रीड नाही, आणि केवड्याला (पानांच्या शिरा पिवळ्या करणारा रोग) बऱ्यापैकी तोंड देते. एका झाडावरच्या दोन-तीन शेंगा न तोडता वाळू द्या, पुढच्या जूनचं बियाणं तिथेच तयार होईल.