हब मोटर की मिड ड्राइव्ह? बिघडल्यावर काय करावं लागतं ते बघून ठरवा

इलेक्ट्रिक सायकल घेताना सगळे रेंज विचारतात, वॉट विचारतात, पण उद्या मोटर कुरकुरायला लागली तर ती उघडणार कोण आणि पार्ट मिळणार का हे फार कमी लोक विचारतात. माझ्या मते हाच प्रश्न पहिला. हब मोटर चाकाच्या मधोमध बसते, तिचे दोन प्रकार, डायरेक्ट ड्राइव्ह आणि गिअर्ड; तिसरी ती मिड ड्राइव्ह. चालतात तिन्ही प्रकारच्या मोटरी छानच, बिघडतात मात्र अगदी वेगवेगळ्या.

सगळ्यात सोपी डायरेक्ट ड्राइव्ह हब. आत गिअर नाहीत, मधली कॉइल स्थिर आणि मॅग्नेटसकट बाहेरचं कवच फिरतं, झिजणारी वस्तू म्हणजे फक्त बेअरिंग. वर्षानुवर्षं उघडावी लागत नाही, आवाज नाही, आणि कंट्रोलरमध्ये (मोटरला करंट देणारं सर्किट) सोय असेल तर ब्रेक मारताना थोडं चार्जिंगही परत मिळतं. पण जड असते, बॅटरी संपली की पेडल मारताना मॅग्नेटची ओढ जाणवते, आणि चढावर ती मरते. लांब चढावर कमी स्पीडला फुल थ्रॉटल देत राहिलात तर बराचसा करंट नुसता उष्णतेत जातो, मग हॉल सेन्सर (मोटर कुठल्या स्थितीत आहे ते कंट्रोलरला कळवणारे) जातात, कॉइलच्या तारेवरचं वार्निश जळतं, फारच तापली तर मॅग्नेटची ताकद कायमची कमी होते. सपाट रस्ता असेल तरच घ्या.

गिअर्ड हब लहान आणि हलकी. आतली मोटर चाकाच्या चार-पाच पट वेगाने फिरते, नायलॉनचे प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती बसवलेले छोटे गिअर) तो वेग कमी करतात, आणि क्लच असल्यामुळे मोटर बंद असताना चाक मोकळं फिरतं. झिजतात ते हेच गिअर आणि क्लच. खरखर आवाज आला तर दात गेलेत किंवा ग्रीस सुकलंय, आणि मोटर आत फिरतेय पण चाक हलत नाही तर क्लच सटकतोय किंवा दात साफ उडालेत. चांगली गोष्ट अशी की बऱ्याच मॉडेलचे गिअर सेट सुटे मिळतात, कव्हर उघडायचं, दात मोजून तोच सेट आणायचा, नायलॉनला चालणारं ग्रीस लावायचं, झालं. स्वतः पाना हातात घेणाऱ्याला मी हीच सांगेन.

दोन्ही हबमध्ये एक गोष्ट सारखी, ती म्हणजे एक्सल. मोटरचा सगळा जोर एक्सलवर उलटा येतो, नट ढिला असेल तर एक्सल फ्रेमच्या खाचेत फिरतो आणि त्याच्या पोकळीतून येणारी केबल पिळवटून तुटते. म्हणून टॉर्क आर्म, म्हणजे एक्सलला फिरू न देता फ्रेमशी धरून ठेवणारी पट्टी, लावाच, आणि पंक्चर काढल्यावर नट परत नीट आवळलाय का बघाच.

मिड ड्राइव्ह पेडलपाशी असते आणि सायकलचेच गिअर वापरते, त्यामुळे चढावर तिचा हात कुणी धरू शकत नाही. चाक काढणंही साध्या सायकलसारखंच. पण तुमच्या पायांचा जोर अधिक मोटरचा जोर, सगळा एकाच चेनवरून जातो, म्हणजे चेन आणि मागचे दाते लवकर झिजतात. चेन किती ताणली ते मोजणारा चेन चेकर ठेवा, मागे ११-१२ गिअर असतील तर ०.५ टक्के आणि त्याहून कमी असतील तर ०.७५ टक्के ताणली की बदला, नाहीतर कॅसेटही (मागच्या दात्यांचा संच) जाते. गिअर बदलताना पायाचा जोर कमी करायचा. खरी अडचण आतली आहे, पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर, कंट्रोलर, मोटर सगळं एकाच डब्यात, आणि बऱ्याच कंपन्या आतले पार्ट सुटे विकतच नाहीत, वॉरंटी संपल्यावर अख्खं युनिट बदलावं लागू शकतं. बाफांग कंपनीच्या बीबीएस मोटरींसारख्या काही याला अपवाद, त्यांचे गिअर आणि कंट्रोलर सुटे मिळतात.

आता मोटर बंद पडली तर. आधी मोटरवर संशय घेऊच नका. ब्रेक लिव्हरचा कट-ऑफ स्विच (ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा) अडकलाय का, कनेक्टरमध्ये पाणी किंवा वाकलेली पिन आहे का, आणि जोर लावताना बॅटरीचं व्होल्टेज धाडकन पडतंय का ते बघा (३६ व्होल्टची बॅटरी फुल असताना ४२ दाखवते). मिड ड्राइव्हला एरर आला तर बरेचदा स्पोकवरचा स्पीड मॅग्नेट सरकलेला असतो, पण त्यापुढे बहुतेक वेळा कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. हबला मात्र मल्टीमीटर पुरतो. सिस्टीम चालू ठेवून हॉल सेन्सरच्या लाल आणि काळ्या वायरमध्ये साधारण ५ व्होल्ट येतात का बघा, मग चाक हळू फिरवत बाकीच्या तीन सिग्नल वायर आळीपाळीने तपासा, प्रत्येकीवर शून्य आणि ५ च्या आसपास अशी उडी दिसली पाहिजे. जिथे दिसत नाही तो सेन्सर किंवा त्याची वायर गेली. गिअर्ड हबला चाक उलटं फिरवा, सरळ फिरवलंत तर क्लचमुळे मोटर फिरतच नाही.

चाकच जड फिरत असेल तर बॅटरी काढा आणि तिन्ही जाड फेज वायर (मोटरला करंट नेणाऱ्या) कंट्रोलरपासून सोडवा, टोकं एकमेकांना लागू देऊ नका. लगेच मोकळं झालं तर कंट्रोलरचे मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट, तरीही जडच राहिलं तर मोटरमध्ये किंवा एक्सलपाशी केबलमध्ये शॉर्ट.

प्रेशर वॉशर तिघींनाही नको, बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत जातं.

रोजचा चढाव आहे आणि जवळ त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे तर मिड ड्राइव्ह बिनधास्त घ्या. सर्व्हिस सेंटर लांब असेल तर थोडा चढ असला तरी गिअर्ड हबच घ्या, आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून मोटरचं मॉडेल नाव आणि गिअर सेट मिळतो का हे लिहून घ्या.