हायडनचे सात उद्गार, आता गायनासह : सहा महिने ऐकल्यावर

राखेच्या बुधवारी, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, पहिल्यांदा ऐकलं, आता गणपती आले तरी लावतोच आहे. येशूच्या क्रुसावरील सात उद्गारांवर अठराव्या शतकातल्या ऑस्ट्रियन संगीतकार हायडनने केलेल्या स्ट्रिंग क्वार्टेटला (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो) स्पॅनिश संगीतकार होसे पेरिस लाकासा यांनी मेझो-सोप्रानोचा, म्हणजे मधल्या पट्टीतल्या गायिकेचा, आवाज जोडला आहे. वादन हेन्शेल क्वार्टेटचं, गायन सुझान केलिंग यांचं.

सुरुवातीला मी नाराजच होतो. मूळ रचना स्पेनमधल्या काडिझ शहरातल्या चर्चसाठी केलेली, नुसत्या वाद्यांची. भिंती-खिडक्या काळ्या कापडाने झाकलेल्या, मधोमध टांगलेला एकच दिवा. बिशप एक उद्गार म्हणत, त्यावर बोलत आणि वेदीपुढे गुडघे टेकत. तेवढा वेळ वाद्यं वाजत. शब्द आधीच बोलून झालेला असताना तो पुन्हा गायचा कशाला? वसईत शुभ शुक्रवारची प्रवचनं ऐकत वाढलेल्या माणसाला तर ते सातही उद्गार पाठ.

मत बदललं ते १७८७ च्या क्वार्टेटची स्वरलिपी पाहिल्यावर. प्रत्येक सोनाटाच्या, म्हणजे एकेका उद्गारावरच्या भागाच्या, आरंभी पहिल्या व्हायोलिनच्या ओळीखाली त्या उद्गाराचे लॅटिन शब्द लिहिलेले आहेत! म्हणजे व्हायोलिन मुळापासून तेच म्हणत होतं. हायडननेही पुढे १७९६ मध्ये याचा ऑरेटोरिओ (गायक आणि वाद्यवृंदासाठीची धार्मिक रचना) केला, तोही पासाउमध्ये दुसऱ्याने केलेलं गायनरूप ऐकून.

सगळ्यात आत जातो तो चौथा उद्गार, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' लय लार्गो, अगदी संथ. व्हायोलिनचा गज उलटतो ते कानाला कळतही नाही, पण गाणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो. ओळ तुटू नये म्हणून चोरून घेतलेला तो श्वास ऐकला की हे शब्द मरणाऱ्या माणसाचे आहेत, हे अंगावर येतं. नुसत्या क्वार्टेटमध्ये मला हे कधी जाणवलं नव्हतं.

पाचवा मात्र मला अजूनही वाद्यांचाच हवा. 'मला तहान लागली आहे' इथे हायडनने तारा बोटांनी छेडायला लावल्या आहेत, कोरड्या, थेंब थेंब. गळ्यातला ओलावा आला की ती कोरड जाते. तेवढ्यापुरतं मी जुनं ध्वनिमुद्रण लावतो.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, चेलो हरवतो. आणि सातव्यात वाद्यांना म्यूट (आवाज दबवणारे चिमटे) लावलेले असतात म्हणून आवाज वाढवाल, तर सांभाळा: पाठोपाठ न थांबता 'भूकंप' हा शेवटचा भाग येतो, पूर्ण ताकदीनिशी. एकदा रात्री आई दचकून उठली होती. तेव्हापासून सातवा सुरू झाला की माझं बोट बटणावर असतं.