कांद्याच्या नत्राचा हिशेब: डीएसएसएटी की ग्रीनवुडचं समीकरण?

सोलापूरकडच्या भारी काळ्या जमिनीतल्या रब्बी कांद्याला कधी किती नत्र लागतं हे मॉडेलवर बसवायचं, तर दोन वाटा आहेत. एक डीएसएसएटी, म्हणजे हवामान, माती आणि वाणावरून पिकाची वाढ व उत्पादन काढणारं संगणकी मॉडेल. दुसरी डंकन ग्रीनवुड या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या पीकवाढ आणि नत्राच्या समीकरणांची. ईयू-रोटेट-एन हे भाजीपाल्याच्या नत्राचं मॉडेल त्याच घराण्यातलं, पण मूळ समीकरणं एक्सेलच्या एका पानातही मावतात.

लागवड पंधरा दिवस लांबली किंवा फेब्रुवारी जास्त तापला तर उत्पादनाचं काय होईल, हे विचारायचं असेल तर डीएसएसएटीच घ्यावं. एक्सेलमध्ये उत्पादन आपणच भरतो, त्यामुळे ते याचं उत्तर देऊ शकत नाही. डीएसएसएटीच्या फाइलींत रकाने ठरलेले असतात आणि एक जागा सरकली की आकडा भलताच वाचला जातो. पण ते आठवड्याभरात अंगवळणी पडतं.

घोडं अडतं ते वाणाच्या गुणांकांपाशी, म्हणजे तो वाण कसा वाढतो हे मॉडेलला सांगणाऱ्या आकड्यांपाशी. सोबत मिळणारे कोबी-टोमॅटोचे गुणांकही आपल्याकडच्या संकरित वाणांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. कांद्याचे गुणांक काढायचे तर दर 12-15 दिवसांनी रोपं उपटा, पात आणि कांदा वेगळा करा, 65-70 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, असा पूर्ण हंगाम जातो. शिवाय पानाचं क्षेत्रफळ लागतं. कांद्याची पात म्हणजे पोकळ नळी. ती उभी चिरून सपाट केली तरी कडा वळतात, आणि दोघांनी मोजली तर दोन आकडे येतात. त्यातून नमुन्याच्या वाफ्याला नत्र कमी पडलं असेल तर ती उपासमार वाणाच्या गुणांकातच मुरते. मग मॉडेलमध्ये युरिया वाढवला तरी पीक हलत नाही, आणि चूक कुठे आहे ते कळतही नाही. माझ्या मते निवड इथेच होते.

एक्सेलमध्ये काय लागतं ते पाहा. हेक्टरी 30 टन कांदा, त्यात 12 टक्के कोरडा अंश म्हणजे 3.6 टन, वर पातीचा साधारण 1 टन: एकूण 4.6 टन. रोजची वाढ = के × व ÷ (1 + व), इथे व म्हणजे त्या दिवसाचं कोरडं वजन, हेक्टरी टनांत, आणि के हा वाढीचा स्थिरांक. रोपं लावताना 0.06 टन आणि 110 दिवस धरले तर के सुमारे 0.08 येतो. तापमानाचा हिशेब तूर्त बाजूला ठेवू. 20व्या दिवशी वजन 0.25 टन, 60व्या दिवशी 1.6 टन. पिकाला लागणारं किमान नत्र 5.7 ÷ √व टक्के. 1 टनाखाली 5.7 टक्केच धरतात. म्हणजे 20 दिवसांत जेमतेम 14 किलो, 60 दिवसांत सुमारे 72 किलो. लागवडीलाच 50 किलो टाकलं तर त्यातलं 35 किलो पाटपाण्याच्या तोंडी बसून राहतं.

अंदाजी उत्पादन भरणं ही या पद्धतीची कच्ची बाजू, हे मान्य. पण एकूण नत्र 57 × √व किलो असल्याने चूक वर्गमुळाखाली दबते: 4.6 ऐवजी 6 टन भरलं, म्हणजे 30 टक्के जास्त, तरी नत्र 14 टक्केच वाढतं. कांदा पोसायला लागला की मात्र हे सूत्र जास्त नत्र मागतं. तेव्हा 60 दिवसांनंतर त्याचं ऐकू नये. उशिरा दिलेल्या युरियाने माना जाड राहतात आणि कांदा साठवणीत सडतो.

दोन्हीकडे सारखाच फसवणारा आकडा म्हणजे माती परीक्षणातलं ‘उपलब्ध नत्र’. ते परमँगनेट पद्धतीचं असतं, त्यात सेंद्रिय नत्राचा भाग धरलेला असतो. 160 किलो असं सुरुवातीचं खनिज नत्र म्हणून भरलं की मॉडेल हंगामभर युरिया नको म्हणतं. त्याऐवजी 0-30 सेंमी थरातलं नायट्रेट-नत्र आणि अमोनियम-नत्र मोजून घ्यावं. 1 पीपीएम (दहा लाखांत एक भाग) म्हणजे हेक्टरी सुमारे 3.9 किलो (मातीची घनता 1.3 धरून).

नमुना कधी घ्यायचा, हेही महत्त्वाचं. काळ्या जमिनीला भेगा असल्या की पहिलं पाणी नायट्रेट घेऊन त्यांतून थेट खाली उतरतं, आणि थराथरातून पाणी झिरपवणाऱ्या या मॉडेलांना भेग दिसत नाही. आंबवणी (लागवडीनंतरचं हलकं पाणी) होऊन वाफसा आला की नमुना घ्यावा आणि मॉडेल त्या दिवसापासून सुरू करावं. एक्सेलमध्ये त्यासाठी एकच खाना बदलावा लागतो.