रंगवून आणलेल्या मोटारी

पेडण्यात शापोरा नदीच्या काठाला, खाजन जमिनीत (म्हणजे भरतीच्या पाण्याला बांध घालून राखलेल्या सखल जमिनीत) आमची दोन तळी आहेत. व्हेनामी जातीची कोळंबी करतो. प्रत्येक तळ्यात दोन अश्वशक्तीचे तीन पॅडलव्हील एरेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी पाणी उडवून त्यात हवा मिसळणारी यंत्रं, एकूण सहा. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या सर्व्हिसिंगच्या नावाखाली मी फसलो आणि एका तळ्यातलं साठ दिवसांचं पीक गेलं. तळीवाल्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय.

मे महिन्यात पीक काढल्यावर आम्ही यंत्रं बांधावर ओढून घेतो. खाऱ्या पाण्यात महिनोन्महिने फिरून तरंगत्या फ्लोटच्या खालच्या बाजूला शिंपल्यांचा खरबरीत थर बसतो, पात्यांना शेवाळ चिकटतं, नट गंजतात. हे सगळं मी आणि माझा भाचा दरवर्षी हातानंच खरवडतो, मग गोड्या पाण्यानं धुतो. मोटार आणि गिअरबॉक्स मात्र आमच्या हातचं काम नव्हे. नेमका त्याच वेळी एक माणूस टेम्पो घेऊन आला. शेजारच्या वाड्यावरच्या एकाचं नाव सांगितलं. बोलायला गोड, दर वाक्याला 'बाब' म्हणायचा. बेअरिंग, ऑइल सील, गिअर ऑइल, मोटारीला वार्निश आणि रंग, सगळं मिळून एका यंत्राचे 3,800 रुपये. सहाचे 22,800. "इथं मोकळ्यावर मोटार खोलली तर वाऱ्यानं खारट ओल आत जाते, वर्कशॉपमध्ये नेतो. कांयच भियेनाकात, बाब," म्हणाला. मला ते पटलं, कारण ओलीचं म्हणणं खरंच होतं. पैसे रोख दिले आणि वहीचं एक पान फाडून त्यावर लिहिलेली चिठ्ठी घेतली.

चवथीच्या आधी मोटारी परत आल्या. निळा रंग चकचकीत, नवीन स्टिकर. चालवून दाखवल्या, आवाजही गुळगुळीत. ऑक्टोबरमध्ये पिल्लं सोडली.

डिसेंबरमध्ये एका रात्री तीनच्या सुमाराला भाचा बांधावर फेरी मारायला गेला आणि ओरडतच परत आला. खालच्या तळ्यातली एक मोटार जळली होती, तिच्या शॉर्टमुळे त्या तळ्याच्या पॅनेलचा मेन स्विच पडला आणि तिन्ही एरेटर बंद. आमची घंटा वीज गेली तरच वाजते. वीज होती, त्यामुळे ती वाजलीच नाही. किती वेळ पाणी थांबलेलं होतं ते कळायला मार्ग नाही.

तळ्याची माहिती नसलेल्यांसाठी सांगतो. तीस अंशांच्या गोड्या पाण्यातही लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो, खाऱ्यात त्याहून कमी. रात्री शेवाळसुद्धा प्राणवायू खर्चच करतं, म्हणून पहाटे तो सगळ्यात खाली येतो. कोळंबीला चारच्या वर लागतो. आम्ही मीटर बुडवला तेव्हा एकच्याही खाली होता. कोळंबी कडेला येऊन पृष्ठभागावर लोळत होती. जळलेली मोटार काढून उरलेल्या दोन चालू केल्या, पंपानं पाणी उडवलं, वरच्या तळ्यातला एक एरेटर ओढून आणला. उजाडेपर्यंत तळाशी पांढरा खच पडला होता. नऊशे किलोच्या आसपास माल आम्ही जाळ्यानं बाहेर काढला. माझी बायको बांधावर बसून राहिली होती, तिच्याशी काय बोलावं ते मला सुचत नव्हतं.

जळालेली मोटार म्हापशाला दुसऱ्या वाइंडिंगवाल्याकडे नेली. त्यानं तारेवर चाकू घासला आणि मला दाखवलं. वरून तांबूस, आतून पांढरी. ॲल्युमिनियम. आमच्या मोटारींची मूळ तांब्याची तार काढून त्या टेम्पोवाल्यानं त्याच जाडीची ॲल्युमिनियमची भरली होती. त्याच जाडीत ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, म्हणून मोटार तापते, आणि एरेटर तर रात्रभर पूर्ण भारावर चालतो. वर रंग असला की कळत नाही. घरी खोपीत एक न वापरलेली जादा मोटार होती. ती आणि रंगवलेली, दोन्ही आम्ही कोळंबी तोलायच्या काट्यावर ठेवल्या. पावणेदोन किलोचा फरक! सहाही मोटारी तशाच निघाल्या. तांबं विकून त्यानं किती कमावले असतील याचा हिशोब करायची मला इच्छाही होत नाही.

गिअरबॉक्सचे प्लग खोलले तर नव्या तेलाऐवजी दुधाळ चहासारखं पाणी मिसळलेलं जुनंच तेल. ऑइल सील बदललेच नव्हते. बेअरिंगही जुनीच, नुसती पुसून ग्रीस लावलेली.

त्याचा फोन बंद आहे. ज्याचं नाव त्यानं सांगितलं होतं त्या शेजाऱ्याला विचारलं, तर त्यानं या माणसाकडून कधी कामच करून घेतलं नव्हतं. हे मी मे महिन्यातच विचारायला हवं होतं, पाच मिनिटांचं चालणं होतं. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर बोललो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी धंदा करणाऱ्यालाही कायद्यानं ग्राहक म्हणून दाद मागता येते, मुदत दोन वर्षांची आहे. पण माझ्याकडे बिल नाही, दुकानाचा पत्ता नाही, मोटारींचे नंबरही टिपलेले नव्हते.

आता सहाही मोटारी तांब्यात भरून घेतोय. भाचा रोज म्हापशाला जाऊन वाइंडिंगच्या टेबलाशी बसतो. मोटार देण्याआधी आम्ही तिचं वजन केलं, नंबरप्लेटचा फोटो काढला, बॉडीला आतून पंचानं खूण मारली. जुनी बेअरिंग आणि सील परत मागून घेतो. तेल आमच्यासमोर ओततो. तुमच्याकडे नुकत्याच सर्व्हिस होऊन आलेल्या मोटारी असतील तर पिल्लं सोडायच्या आधी एक तरी काट्यावर ठेवून बघा, आणि घंटा विजेच्या मेनवर न लावता प्रत्येक तळ्याच्या पॅनेलनंतर लावा. आमची आम्ही गेल्या आठवड्यात तशी बदलून घेतली.