रेल्वे गेट बंद होणार असेल तर: नुसता विरोध, भुयारी मार्ग की ब्रिज?

गेट कायमचं बंद करण्याची नोटीस लागली की गल्लीत पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काही झालं तरी गेट बंद करू देणार नाही." राग रास्त आहे. पण पंचांनी तेवढ्याच वाक्यावर निवेदन दिलं, तर रेल्वे एका शब्दात उत्तर देते: सुरक्षा. आणि तो शब्द पोकळ नाही. अनिल काकोडकर यांच्या समितीने 2012 मध्येच देशातली सगळी फाटकं पाच वर्षांत काढून टाकायची शिफारस केली होती. ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं जानेवारी 2019 पर्यंत संपलीही. आता पाळी गेटमन असलेल्या फाटकांची आहे. आपल्या बेळगाववरून जाणारा लोंढा-मिरज मार्ग दुपदरी झाल्यावर एक गाडी गेली म्हणून दांडीखालून वाकून निघालेल्या माणसासमोर दुसऱ्या रुळावरून दुसरी गाडी येऊ शकते. हा धोका मान्य करूनच पुढचं बोलायला हवं.

म्हणून सही करण्याआधी चारही पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघा.

त्याआधी मोजणी

कुठल्या गेटवर काय बांधायचं, हे रेल्वे बरंचसं एका गुणाकारावर ठरवते. दिवसभरात जाणाऱ्या रेल्वेगाड्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांचे एकक. हा आकडा 1 लाखाच्या वर गेला की उड्डाणपुलाचा दावा भक्कम होतो. समजा 40 गाड्या जातात, तर 2,500 वाहन-एककांना तो आकडा गाठतो. मोटार किंवा बैलगाडीला एक एकक, रिक्षाला अर्धं. पायी जाणाऱ्याला मात्र या हिशेबात जागाच नाही.

आपल्या हरकतीचं खरं बळ इथेच आहे. गल्लीतल्या गेटवरून जाणारी बहुतेक माणसं पायी असतात. शाळेची पोरं, देवळाला निघालेल्या म्हाताऱ्या, भाजीची बुट्टी डोक्यावर घेतलेल्या बायका. सरकारी कागदावर हे गेट कमी रहदारीचं दिसतं ते त्यामुळेच. म्हणून गल्लीतल्या तरुण मंडळाने सलग सात दिवस, बाजारचा दिवस धरून, पहाटेपासून रात्रीपर्यंत माणसं मोजावीत. रेल्वेने केलेली मोजणी माहिती अधिकारात मागता येते. फी 10 रुपये आणि उत्तराची मुदत 30 दिवस. दोन्ही आकडे शेजारी लावले की निवेदनाचं वजन वाढतं.

गेट आहे तसं ठेवा

चढ नाही, उतार नाही, पाणी साचत नाही. हातगाडीवाल्याला आणि गुडघे दुखणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही. पण रुग्णवाहिका अडकते ती इथेच, आणि दुपदरीकरणानंतर गेट बंद राहण्याचा वेळ वाढतो. दुसरं काहीच बसवायला जागा नसेल तरच ही मागणी धरावी. एरवी ती फार काळ टिकेल असं मला वाटत नाही.

भिंत घाला आणि वळसा घ्या

प्रस्तावात याला "पर्यायी मार्ग उपलब्ध" असं म्हटलेलं असतं. मोटारीला दोन किलोमीटरचा वळसा म्हणजे पाच-सात मिनिटं. पायी माणसाला जाऊन-येऊन तोच चार किलोमीटर होतो, तोही रोज. शिवाय भार कुठेतरी सरकतोच. बेळगावच्या टिळकवाडीत उद्या पहिलं गेट बंद केलं, तर काँग्रेस रोडवरून आत वळणारी गर्दी दुसऱ्या गेटवर जाऊन उभी राहील.

सुरक्षेच्या दृष्टीनेही हा पर्याय सगळ्यात वाईट आहे. भिंत घातली तरी माणसं रूळ ओलांडतातच, फक्त आता गेटमन नसतो, भोंगा नसतो, दिवा नसतो. वर रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 प्रमाणे तो अपप्रवेशाचा गुन्हा, सहा महिने कैद किंवा 1,000 रुपये दंडापर्यंत. काल ज्या वाटेने शाळेला जात होतो, तिथे आज आपण गुन्हेगार. या पर्यायावर कोणी कितीही समजावलं तरी सही देऊ नका.

भुयारी मार्ग

गल्लीसाठी आणि शिवारासाठी मला हाच बरा वाटतो, पण अटी घालून. तयार काँक्रीटच्या चौकटी रुळाखाली सरकवता येतात, त्यामुळे काम ब्रिजपेक्षा लवकर होतं आणि घरं-दुकानं पाडावी लागत नाहीत. पायी माणसालाही थोडंच उतरून चढायचं असतं.

अडचण पाण्याची. बेळगावचा पाऊस आणि खानापूरचा त्याहून मोठा पाऊस, यात खड्ड्यासारखा रस्ता भरायला वेळ लागत नाही. बळ्ळारी नाल्याकाठचं येळ्ळूर-शहापूरकडचं शिवार पावसाळ्यात किती दिवस पाण्याखाली असतं, हे तिथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. "पंप बसवू" या आश्वासनावर थांबू नका. वीज गेली की पंप बंद, आणि तो चालवायचा कोणी, रेल्वेने की महापालिकेने, यात एक पावसाळा निघून जातो. पाणी उताराने आपोआप नाल्याला जाईल असा आराखडा मागा. तसा उतार मिळतच नसेल तर पंप कोणाचा, हे लेखी घ्या.

दुसरी गोष्ट उंचीची. भुयाराच्या आतली उंची आराखड्यात वाचा आणि सुगीत पिंजर, म्हणजे भाताचं वाळलेलं गवत, भरलेल्या ट्रॉलीची उंची टेपने मोजा. ट्रॉली बसत नसेल तर तो शेतकऱ्याचा रस्ता उरत नाही. गणपती ज्या वाटेने नेता, ती हीच असेल तर मूर्तीचंही बघा. चालणाऱ्यांसाठी एका बाजूला उंच कठडा आणि रात्रभर दिवे हवेतच, नाहीतर संध्याकाळनंतर बायका-मुली तिथून जायच्या नाहीत.

ब्रिज

कपिलेश्वर आणि तिसऱ्या गेटचे ब्रिज आपण रोज वापरतो. उद्यमबागच्या औद्योगिक वसाहतीला जाणारा ट्रक किंवा बस गेटवर ताटकळत नाही, हा फायदा मोठाच आहे. मुख्य रस्त्याला ब्रिजशिवाय इलाज नाही.

पण गल्लीत त्याची किंमत बघा. रुळावरून साधारण 8 मीटर उंच जायचं आणि 30 मीटरला 1 मीटर असा चढ ठेवायचा, तर एका बाजूलाच 240 मीटर लांबी लागते. तेवढ्या पट्ट्यातल्या दुकानांसमोर भिंत येते, घरांची जागा जाते आणि काम वर्षानुवर्षं चालतं. जागा जाणार असेल तर 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदला आणि पुनर्वसन हा हक्क आहे, तो निवेदनात नावानिशी मागा. आणि ब्रिज झाला तरी पायी माणूस अर्धा किलोमीटर चढ-उतार करणार नाही. त्याच्यासाठी खालून वेगळी वाट मंजूर नसेल, तर ब्रिजलाही तेवढ्यापुरती हरकत घ्यावी.

मग निवेदनात काय लिहायचं?

आतल्या गल्लीचं गेट असेल तर हलक्या वाहनांसाठी आणि पायी जाणाऱ्यांसाठी भुयारी मार्ग. शिवारातलं असेल तर ट्रॉली जाईल एवढ्या उंचीचा. मुख्य रस्ता असेल तर ब्रिज आणि खाली पादचारी वाट. तिन्हींत एक अट समान ठेवा, ती पहिल्याच परिच्छेदात आणि ठळक: नवी वाट वापरात आल्याशिवाय जुनं गेट एक दिवसही बंद होणार नाही.

निवेदन मराठीत द्यायला बिचकू नका. राज्यघटनेच्या कलम 350 ने तो हक्क दिला आहे. सोबत कन्नड प्रत जोडली तर कार्यालयात कागद लवकर हलतो, आणि गल्लीतल्या कन्नड शेजाऱ्यांच्या सह्याही मिळतात. गेट त्यांचंही आहे. एक प्रत हुबळीला रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला, एक खासदारांना. प्रत्येक प्रतीवर पोच घ्या.

शेवटची मागणी संयुक्त पाहणीची करा. रेल्वेचे इंजिनिअर, महापालिकेचे अधिकारी आणि गल्लीचे पंच यांनी एकत्र जागेवर यायचं, तेही मे महिन्यात नाही, जुलैच्या पावसात.