नाइट ड्युटीनंतरचा स्विमिंग पूल
मी नर्स आहे, पेशंटला उचलताना कंबर धरली ती धरलीच, फिजिओने सांगितलं म्हणून हा पूल लावला. सगळ्यात भारी म्हणजे सकाळची स्लो लेन, मागून कोणी घाई करत नाही, आणि छातीएवढ्या पाण्यात अर्ध्याहून जास्त वजन पाणीच पेलतं त्यामुळे नुसतं चाललं तरी कंबर मोकळी होते. ब्रेस्टस्ट्रोकने मात्र कळ यायची, कोचने बघितलं आणि बॅकस्ट्रोकवर आणलं. पाण्यात फोन नाही, मॉनिटरचे अलार्म नाहीत, फक्त आपला श्वास... वॉर्डातला गेलेला पेशंट आठवून एकदा गॉगलच्या आतच रडले पण, खूप हलकं वाटलं. क्लोरीन जरा जास्त असतं, सॅनिटायझरने आधीच कोरडे पडलेले हात अजून चरचरतात, मॉइश्चरायझर सोबत ठेवा. मी पुढचे ३ महिने रिन्यू केलेत.